चौदावी कुपी

"ही जागा रुग्णवाहिकेची आहे," मी म्हटलं.

भुरभुर पाऊस होता. तो माणूस सायकलच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवत होता, इतक्या निगुतीने, की जणू तान्ह्या बाळाला टोपरं घालतोय. गाठ मारता मारता त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांकडे, मग परत माझ्याकडे.

"साधी सायकल तर आहे."

"वाट अडवायला तेवढी पुरते."

"तुम्ही रोज सकाळी अशाच असता?"

"दुपारी जास्त असते," मी म्हटलं आणि आत शिरले.

मागे वळून पाहायचं नव्हतं. पाहिलं. सायकल भिंतीकडे सरकवत तो स्वतःशीच हसत होता, आणि चष्म्याच्या काचांवर थेंब थांबले होते. मला त्या थेंबांचाही राग आला. त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा. लिफ्टचा, पाळणाघरातल्या बाईंच्या गोड आवाजाचा, टूथपेस्टचं झाकण न लावणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा... भावाचा सगळ्यात जास्त.

अर्ध्या तासाने तोच माणूस माझ्या खिडकीशी उभा.

मी या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करते. कॅज्युअल्टीत आलेल्या प्रत्येकाचा केसपेपर माझ्याकडे येतो. त्यावर लिहिलेल्या दुखण्याला मी ठरलेला नंबर देते, आणि रोज सकाळी आठला आदल्या दिवसाची यादी, नावं वगळून, आरोग्य कार्यालयात पाठवते. तिकडून एका शब्दाचं उत्तर येतं : 'मिळाली.' दोन वर्षं कोणीतरी मला रोज सकाळी 'मिळाली' म्हणत होतं. ते कोणीतरी म्हणजे हा.

"अच्छा, म्हणजे तुम्हीच त्या," तो म्हणाला. "आठ म्हणजे आठ. एकदा आठ वाजून तीन मिनिटं झाली होती, मला वाटलं भूकंप झाला."

"मुलीला कांजिण्या आल्या होत्या."

"बरी आहे आता?"

"दीड वर्ष झालं त्याला."

"हो, पण मला आज कळलं ना."

हसायला आलं होतं. मी ते गिळलं आणि काय काम आहे, ते विचारलं. त्याने खिडकीतून एक कागद आत सरकवला. त्यावर तीन रेघा. शहरातल्या दोन इस्पितळांच्या रेघा चढत गेलेल्या, आणि तिसरी, आमची, मेलेल्या सापासारखी तळाशी पसरलेली.

"ओव्हरडोस होऊन वाचलेली माणसं मी मोजतो," तो म्हणाला. "सहा आठवड्यांत तुमच्याकडे एकही नाही. चक्कर मात्र फार येते लोकांना."

"उकाडा असेल."

त्याने बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

"मी औषधभांडाराची वही पाहिली," तो म्हणाला. "सहा आठवड्यांत उताऱ्याच्या चौदा कुप्या उघडल्यात. गोळ्यांनी श्वास बुडत चाललेल्या माणसाला परत आणणारं औषध ते, दुसऱ्या कशालाच लागत नाही. मग मॅडम... चक्कर आलेल्या चौदा माणसांना उतारा कशाला दिला?"

माझा हात माउसवर होता तो तसाच राहिला.

चौदांमधला एक माझा भाऊ होता.

*

ते सहा आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी झालं. भाऊ पार्सलच्या गोदामात काम करतो. सकाळची पाळी संपली की दुपारी माझ्या मुलीला पाळणाघरातून घरी आणतो. मुलगी चार वर्षांची, पायाला चक्र, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिचे वडील आमच्यात नाहीत, म्हणजे आहेत, दुसऱ्या घरात आहेत, आणि त्यांच्यावर रागवायचंसुद्धा मी केव्हाच सोडून दिलंय. घरात आम्ही तिघंच.

त्या दुपारी भावाच्या फोनवरून फोन आला आणि आवाज भिंगरीचा.

"आई, मामा उठत नाहीये. मी गुदगुल्यासुद्धा केल्या."

रुग्णवाहिका आमच्या जिन्याखाली उभी राहिली. इथे आणल्यावर त्याला उतारा दिला. दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "ताई, तू ऑफिस सोडून का आलीस?" त्याचे ओठ अजून निळसर होते. मला त्याला मिठी मारायची होती आणि एक सणसणीत ठेवूनही द्यायची होती. दोन्ही राहून गेलं.

कॅज्युअल्टीच्या मोठ्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "काय लिहू?" तिने हळूच विचारलं. घरचे लोक पाया पडतात, आणि ती 'चक्कर' लिहिते. ही तिची जुनी रीत, रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यांना ठाऊक. "कागदावर एकदा आलं की माणूस जन्मभर तोच होतो गं," ती म्हणते. डॉक्टरही मान फिरवून सही करतात. मी आजवर त्या रिवाजावर नाक मुरडत आले होते.

"चक्कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो केसपेपर माझ्याच टेबलावर आला. मी त्याला चक्करचा नंबर दिला आणि आठला यादी पाठवली. उत्तर आलं : 'मिळाली.'

*

"तुम्हाला आकडे हवेत," मी त्या माणसाला म्हटलं. "इथे माणसं येतात. त्यांची लग्नं मोडतात, नोकऱ्या जातात असल्या नोंदींनी."

"मेलेल्यांची यादी माझ्याकडे चार महिन्यांनी येते," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण कागदावरचं त्याचं बोट पांढरं पडलं. "तेव्हा मी नुसती बेरीज करतो. वाचलेल्यांची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येते. तेव्हा हातात काहीतरी असतं. मी केसपेपरचा नंबर कळवला, की इथल्याच पथकातले दोघं त्या माणसाच्या घरी जातात. पोलीस नाही, काही नाही. उताऱ्याचं पाकीट देतात, उपचारांचं विचारतात. पण चक्कर आलेल्याच्या घरी आम्ही कशाला जाऊ?"

मी म्हटलं, "परवानगीचं पत्र लागेल."

"आणलंय," तो म्हणाला आणि भिजलेल्या खिशातून कोरडं पत्र काढलं. असली माणसं मला आवडत नाहीत. म्हणजे... तेव्हा आवडत नव्हती.

*

नियम असा होता, की नाव त्याने पाहायचं नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर रोज एक तास आम्ही टेबलाच्या एकाच बाजूला बसायचो, मी एकेक केसपेपर काढायची, नावावर लाकडी पट्टी ठेवायची, आणि उरलेलं तो वाचायचा. सिस्टरचं अक्षर कोंबडीचे पाय. मला ते येतं, त्याला येत नव्हतं. मी वाचून दाखवायची.

"'उतारा दिला, रुग्ण शुद्धीवर, निदान चक्कर.'"

"एकाच ओळीत," तो पुटपुटायचा. पेन्सिलीचं टोक मोडायचं. रागावला की तो ओरडत नसे, पेन्सिली मोडत असे. पहिल्या दिवशी तीन मोडल्या. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलीचं शार्पनर आणून ठेवलं, गुलाबी, सशाच्या आकाराचं. त्याने ते इतक्या गंभीरपणे वापरलं, की मला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघावं लागलं.

"तुमची पट्टी हलली," एकदा तो म्हणाला.

"तुमची नजर हलली."

"मी पट्टीकडे पाहतच नव्हतो."

"मग?"

"बोटाला शाई लागलीय तुमच्या. मघापासून... सांगू की नको, असं चाललं होतं."

मी बोट पुसलं. शाई गेली नाही, कान मात्र तापले. तिशी जवळ आलेली बाई मी, एका मुलीची आई. मला माझाच राग आला.

एका दुपारी मी सरळ विचारलं, "एवढा जीव का जाळता? घरातलं कोणी गेलं का यात?"

"नाही. प्रत्येक रागामागे घरचं मयत लागतं का?" तो म्हणाला. "परक्या माणसासाठी रागावलेलं चालत नाही? परवाना काढावा लागतो का त्याचा?"

"पेन्सिल," मी म्हटलं. त्याने मुठीकडे पाहिलं. मोडली होती. आम्ही दोघंही हसलो, आणि हसणं संपल्यावर कोणीच केसपेपर उचलेना...

सकाळची उत्तरंही बदलत गेली. 'मिळाली. चहा झाला का?' मग, 'मिळाली. आज ऊन आहे, रागवायला चांगला दिवस.' मी लिहायची, 'उन्हाची वाट कोण बघतंय?' आठ वाजायला पाच मिनिटं असताना मी खुर्चीत सावरून बसू लागले. बाजूच्या टेबलावरच्या कारकून बाईंनी ते टिपलं. "आज यादीला अत्तर लावलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी तेरा केसपेपर झाले.

"चौदावी कुपी?" त्याने विचारलं.

तो केसपेपर माझ्या ड्रॉवरमध्ये होता, माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर.

"फुटली असेल," मी म्हटलं. "काचेच्या असतात. फुटतात."

"हं," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलं : एक फुटली. ना भुवई वर गेली, ना दुसरा प्रश्न. माझा शब्द त्याने जसाच्या तसा घेतला. त्याने शंका घेतली असती, तर मी भांडले असते. भांडण मला येतं. विश्वासाचं काय करायचं, ते येत नाही.

त्याच दुपारी पाळणाघर लवकर सुटलं आणि भाऊ पाळीवर, म्हणून भिंगरी माझ्याकडे आली. टेबलाखालून तिने डोकं वर काढलं आणि त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "हा डोंगर आहे?"

"हो, आणि आपल्याला तो उतरायचाय."

"मग उतर ना." तिने खडू काढून डोंगराच्या पायथ्याशी घर काढलं. मग त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "तुला चक्कर येते? माझ्या मामाला येते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सहज. काळजीने.

"गोदामात उष्णता असते फार," मी म्हटलं. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, तेच वाईट.

जाताना तो दारात थांबला. "मला एक गोष्ट सतावते," तो म्हणाला. "हे तेरा जण शहरभर विखुरलेत. पथकाने ज्यांना विचारलं ते म्हणतात, कमरेच्या दुखण्यावरच्या सुट्या गोळ्या, मित्राच्या मित्राकडून आल्या. धागा कुठेच पोचत नाही. मला सारखं वाटतं, की माझ्या यादीतला पहिला हा पहिला नाहीच. त्याच्या आधी कोणीतरी असणार. तो सापडला, तर गोळ्या कुठून निघाल्या ते सापडेल." चष्मा काढून त्याने तो शर्टाला पुसला. "आणि तो माणूस... एकदा वाचलेला माणूस पुढचे काही आठवडे कड्यावर उभा असतो हो. त्याच्याकडे कोणी गेलंच नसेल."

*

संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा मी ताटं वाढत होते. तो वाकून बूट काढताना कण्हला. पार्सलं उचलून उचलून त्याची कंबर बाविसाव्या वर्षीच गेलीय.

"घेतोयस का अजून?" मी विचारलं.

"ताई, जेवू दे ना."

"घेतोयस का?"

"सोडल्या. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा मला लागतो. स्वतःच्या गळ्याची घे."

तो हसला. त्याचं हसणं आईसारखं आहे, समोरच्याचा राग विरघळवणारं. "सीआयडी," तो म्हणाला. "झोपेत माझ्या नाकाशी बोट धरतेस, मला कळतं. गुदगुल्या होतात."

मी पाणी आणायला वळले आणि कोपऱ्यात भिंगरीचा दवाखाना मांडलेला दिसला. खोक्याची खाट, त्यावर तिची बाहुली, पांघरूण गळ्यापर्यंत. भिंगरी चमचा घेऊन बसली होती. "आ कर," ती बाहुलीला म्हणत होती. "मामाची गोळी घे, मग छान झोप लागते."

चमच्यात खरी गोळी होती. फिकट निळी, एका बाजूने ओली.

ओली.

मी चमचा उडवला. तिच्या तोंडात बोट घातलं, जिभेखाली, गालांत. ती घाबरून रडायला लागली. "कुठे सापडली? चाटलीस? खरं सांग, चाटलीस?"

"बाहुलीने चाटली," ती हुंदके देत म्हणाली. "पाणी पाजलं तिला मी. मला नाही आवडत गोळी."

शेजारी बाहुलीची वाटी होती, पाण्याने भरलेली. तरी मी तिला तशीच उचलली, खाली रिक्षात घातलं आणि कॅज्युअल्टीत नेलं. सिस्टरने तिला तपासलं, तीन तास नजरेसमोर ठेवलं. ती पूर्ण वेळ सिस्टरच्या घड्याळाशी खेळत होती. तिला काही झालं नव्हतं.

भाऊ मागोमाग आला होता. बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये. "पँटच्या खिशातून पडली असेल," तो म्हणाला. "ताई, मला..."

"गप्प बस," मी म्हटलं. "आता तू गप्प बस आणि मीही गप्प बसते. आपण दोघांनी आजवर बोलून फार घाण केलीय."

सिस्टर भिंगरीचा कागद घेऊन आली. पेन वर धरलं. सवयीने विचारलं, "काय लिहू?"

"जे झालं ते," मी म्हटलं. "आणि सिस्टर, मंगळवारचा तो जुना कागद मी उद्या बदलतेय. तुमचंही नाव त्यात येईल. आधी सांगून ठेवते."

तिने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली. मग तिने लिहायला घेतलं, आणि त्या दिवशी अक्षर जरा नीट काढलं.

*

सकाळी आठला यादी गेली. 'मिळाली. आज रागाचं हवामान काय म्हणतंय?' असं उत्तर आलं. मी लिहिलं : 'इकडे या. आत्ता.'

तो वीस मिनिटांत आला. धापा टाकत. पावसाने शर्ट पाठीला चिकटला होता. सीटला पिशवी घालायलाही थांबला नव्हता. मी ड्रॉवर उघडला आणि कागद त्याच्यासमोर ठेवला.

"कुपी फुटली नव्हती," मी म्हटलं.

त्याने सवयीने पट्टी शोधली, नावावर ठेवायला. मी ती बाजूला केली.

"वाचा. आडनाव माझंच आहे. पत्ता माझाच आहे. चक्करचा नंबर मी दिला, या हाताने. तुम्ही विचारलंत तेव्हा तो इथे होता, या ड्रॉवरमध्ये."

त्याने वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. मग वही काढली, पानं उलटली, आणि त्याचं बोट दुसऱ्या तारखेवर थांबलं. पेन्सिल हातात होती. या वेळी मोडली नाही. ते मला जास्त लागलं.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "हा आणि पुढचा, यांच्यात अकरा दिवस. तेव्हा कळलं असतं तर..."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. त्या तेरांमध्ये एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ती अजून अतिदक्षता विभागात आहे. तुम्हीच मला वाचून दाखवलंत ते. इथे बसून. शेजारी बसून." आवाज पहिल्यांदा चढला. कारकून बाई फाइल घेऊन बाहेर निघून गेल्या. "मी वहीत लिहिलं, फुटली म्हणून. कारण तुम्ही म्हणालात."

"मी काय करायला हवं होतं?" मीही उभी राहिले. "माझ्या भावाला 'तसला' लिहून ठेवायचं? त्याच्याकडे मुलीला सोपवते म्हणून तिचे वडील उद्या तिला मागायला आले असते तर? तुम्हाला रेघा काढायला काय जातं?"

"आणि काल?"

काल काय झालं, ते त्याने उत्तर पाठवल्यावर सकाळच्या यादीत वाचलं होतं. वय चार वर्षं, मुलगी. नाव नसलं म्हणून काय, त्याला कळायचं ते कळलं होतं. खडूने काढलेलं घर त्याच्या त्या कागदावर अजून होतं.

मी खाली बसले. रडले नाही. लाल पेन काढलं, 'चक्कर'वर रेघ मारली, खरं ते लिहिलं, तारीख घातली, आणि खाली पूर्ण सही केली. खाडाखोड झाकायची पांढरी शाई ड्रॉवरमध्ये होती. ती नाही वापरली.

"त्याला गोळ्या कुठे मिळतात, ते तो सांगेल," मी म्हटलं. "काल कबूल केलंय त्याने. गोदामात देतात. पाळी लांबली की मुकादमाचा माणूस वाटतो, कमरेसाठी म्हणून. तिथली मुलं मग मित्रांना देतात."

त्याने ते लिहून घेतलं. शब्दन् शब्द. मग वही मिटली आणि गेला. दारात थांबला नाही.

*

पथकाचे दोघं त्याच दिवशी दुपारी घरी आले. भावाने त्यांना आधी शिव्या घातल्या, मग चहा दिला. तिसऱ्या भेटीत तो उपचार केंद्रात दाखल झाला. गोदामातला तो माणूस सापडला. आमच्या इस्पितळाची रेघ तळातून उठली, कारण आता सगळे खरं लिहायला लागले होते, आणि मग हळूहळू तीनही रेघा खाली यायला लागल्या. ती एकोणीस वर्षांची मुलगी घरी गेली, चालत. हे सगळं मला सिस्टरकडून कळलं, कारण मला मेमो मिळाला होता आणि माझी बदली जुन्या फाइलींच्या खोलीत झाली होती. आठची यादी आता कारकून बाई पाठवत. त्यांना रोज उत्तर यायचं : 'मिळाली.' मी विचारत नव्हते. त्या आपणहून सांगायच्या. "नुसतं 'मिळाली'. पुढे टिंबसुद्धा नाही."

मला राग होता. त्याच्यावर, की तो न थांबता गेला. माझ्यावर, की तो बरोबर होता. ज्या दुनियेत माणूस मरता मरता वाचला तर ते लपवावं लागतं, त्या दुनियेवर तर होताच. भाऊ केंद्रातून रविवारी फोन करायचा. "ताई, इथलं जेवण तुझ्यापेक्षा वाईट आहे," तो म्हणायचा, "यावरून ओळख, की मी बरा होतोय." फोन ठेवला की मी पंधरा मिनिटं भांडी घासत बसायची, घासलेलीच.

असे एकतीस दिवस गेले.

बत्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारावर टकटक झाली. भिंगरीने दार उघडलं आणि ओरडली, "आई, डोंगरवाला."

तो दारात उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि हातात एक छोटं पाकीट.

"फुलं आणायला हवी होती," तो म्हणाला. "दुकानापर्यंत गेलोही होतो. मग... हे आणलं."

उतारा होता. नाकात फवारायचा, घरी ठेवायचा.

"पथकाने दिलंय एक."

"ते भावाच्या खिशात राहू दे, तो घरी आला की. हे घरासाठी. वरच्या फळीवर, हिचा हात पोचणार नाही तिथे."

मी पाकीट घेतलं, पण दारातून बाजूला झाले नाही. "एकतीस दिवस," मी म्हटलं.

"मला राग आला होता."

"मलाही आला होता. मी कुठे पळाले?"

"नाही पळालात," तो म्हणाला. "मी पळालो. रोज आठला यादी यायची आणि मला वाटायचं, या बाईंची यादी बरोबर आहे, पण... त्यात कोणी माझ्यावर खेकसत नाही." त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी नऊ वर्षं हे काम करतोय. चूक पांढऱ्या शाईने झाकलेली पानं हजार पाहिली. लाल रेघ मारून, खाली पूर्ण सही केलेलं एकच पाहिलं. त्या पानाच्या मी..."

"पानाच्या?"

"सही कोणाची होती त्यावर?"

भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी पाकीट उलटं केलं, मागची तारीख वाचायला. डोळ्यांना अक्षरं दिसेनात, म्हणून उगाच दोनदा वाचली.

"दोन वर्षं चालेल," मी म्हटलं.

"दोन वर्षांनी बदलावं लागेल. मी येईन बदलायला."

"आणि तोवर?"

"तोवर..." तो थांबला. जिन्यात शेजाऱ्यांचा रेडिओ वाजत होता. "तोवर इथेच असावं, असा विचार आहे. तुमची हरकत नसेल तर. असेल तर सांगा, मी रोज आठला येऊन पुन्हा विचारीन."

मला त्याचा राग आला, इतका सोपा प्रश्न त्याने एकतीस दिवस अडवून ठेवला म्हणून. मी दारातून बाजूला झाले.

"सायकल कुठे लावलीय?" मी विचारलं.

"खाली, जिन्यापाशी." तो हसला. "तिथे काही रुग्णवाहिका येत नाही ना?"

"आली होती एकदा," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं. तो वळला, जिना उतरला. मी आणि भिंगरी कठड्यावरून वाकून पाहत राहिलो. त्याने सायकल उचलली, वाट पूर्ण मोकळी केली, ती भिंतीशी टेकवली, एकदा मागे सरकून अंतर पाहिलं, आणि परत येऊन आणखी वीतभर आत ढकलली.

मग तो दोन-दोन पायऱ्या चढत वर यायला लागला, आणि मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दार उघडंच ठेवलं होतं.